रिमूचा पार

डोंगरउतारावर घर बांधायचं ठरलं की लोक मला विचारत, "घर कुठे बसेल?" मी उलट विचारायची, "गाडी कुठून येणार?" ऑकलंडच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर घरांनी मारली नसतील एवढी झाडं गाड्यांच्या रस्त्यांनी मारली आहेत. घर खांबांवर उभं करता येतं, वळवता येतं, चिंचोळं करता येतं. गाडीला मात्र रुंद, फार चढ नसलेला रस्ता लागतो आणि वर पोचल्यावर तोंड फिरवायला सपाट जागा लागते. माणसं बैठकीच्या खोलीत तडजोड करतात, गॅरेजमध्ये करत नाहीत. एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं, मुलांच्या खोल्या हव्या तर लहान करा, पण बोटीची जागा तेवढीच राहू दे. बोट त्यांनी अजून घेतलेली नव्हती.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आता निवृत्त. दोन हजारच्या दशकात माझं बहुतेक काम या टेकड्यांवर होतं. त्या काळी ऑकलंडमध्ये मोठं झाड पाडायचं तर कौन्सिलची परवानगी लागे. पुढे ते नियम बरेच सैल झाले, त्याचं मला वाईट वाटतं आणि मी ते लपवत नाही. आर्किटेक्टला त्याचं चित्र प्रिय असतं, मालकाला समुद्र दिसायला हवा असतो, बिल्डरला काम संपवायचं असतं. झाडाच्या बाजूने बोलणारं टेबलाभोवती कुणी नसायचं, म्हणून मी बोलायची. आमच्या धंद्यात माझी ओळख 'डिफिकल्ट' अशी होती आणि मी ती मिरवली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झाड जेवढं वर तेवढंच खाली असणार. तसं नसतं. बहुतेक झाडांची कामाची मुळं वरच्या हातभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. म्हणून मोठं झाड मारायला कुऱ्हाड लागत नाही. त्याच्या भोवती महिनाभर ट्रक उभा केला तरी माती दाबून बसते आणि मुळं गुदमरतात. मातीचा जाड थर टाकला तरी तेच. वाईट म्हणजे झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षं ते बरं दिसत राहतं, तोवर बिल्डर पुढच्या कामावर गेलेला असतो आणि सगळे म्हणतात, वय झालं होतं.

माझी एक पद्धत होती. कागद मंजूर करण्याआधी मी बांबू आणि सुतळी घेऊन जागेवर जायची आणि अख्खं घर खऱ्या मापात आखायची. मग मालकांना बोलवायची. चहाचा थर्मास द्यायची आणि म्हणायची, आता स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. लोक सुतळी ओलांडताना खरंच दारातून वळून जात. एक बाई म्हणाल्या होत्या, "हे झाड थोडं डावीकडे घेता येईल का?" मी म्हटलं, "नाही, पण तुमचा डायनिंग हॉल येईल." आला.

निनाद आणि मुग्धाचं घर असंच आखलं. निनाद भूलतज्ज्ञ, मुग्धा फार्मासिस्ट, दोघं मूळचे कोकणातले. त्यांनी घेतलेली जागा नुसती उभी होती. तिच्यात बरी म्हणावी अशी एकच सपाट जागा, आणि तिच्या मधोमध एक रिमू. रिमू हे इथलं रानातलं झाड. त्याची पालवी खाली लोंबते, नुकतेच धुतलेले केस मोकळे सोडून बसलेल्या बाईसारखी. हा रिमू दोन माणसांच्या कवेत मावेल न मावेल एवढा होता. आधीच्या मालकाने तो पाडायचा अर्ज केला होता आणि अर्ज मंजूर होईना म्हणून जागा विकली होती.

मी घराला काटकोन दिला. दोन भाग, मधे रिमू, आणि सगळं घर लाकडी खांबांवर, म्हणजे डोंगर कापायचा नाही आणि भिंत बांधून माती अडवायची नाही. रिमूजवळचे खांबांचे खड्डे हाताने खणायचे, मनगटाएवढं मूळ लागलं की खड्डा सरकवायचा. कौन्सिलच्या सुनावणीत एका सदस्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं हे झाड जगेल?" मी म्हटलं, "जगेल. माझा शब्द." इंजिनिअरने असा शब्द देऊ नये, 'अपेक्षित आहे' वगैरे म्हणावं. मी दिला. परवानगी मिळाली ती मीच मागितलेल्या अटींवर, की रिमूभोवती कुंपण राहील, त्याच्या आत काही बांधायचं नाही आणि जूडी नावाची झाडांची तज्ज्ञ अधूनमधून येऊन पाहील.

काम सुरू झालं त्या सुमारास निनादचे वडील आले. सगळे त्यांना नाना म्हणत. राजापूरकडच्या गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, हापूसची थोडी कलमं राखून असलेले. आदल्या वर्षी त्यांची पत्नी गेली होती. निनादने त्यांना आग्रहाने आणलं, पण आणून करायचं काय, हे त्याने ठरवलं नव्हतं. दोघं सकाळी कामावर जात, आणि नाना भाड्याच्या घरात टीव्हीसमोर बसून असत. शेवटी ते चालत साइटवर यायला लागले. बिल्डर टोनी त्यांना हेल्मेट देई. नानांचं इंग्रजी शाळेतल्या फळ्यावरचं होतं. खड्डा खणणाऱ्या पोरांजवळ उभं राहून ते सांगत, "धिस इज रूट. डू नॉट कट." पोरं कापत नसत. मला तर आयता मुकादम मिळाला.

मग वेलिंग्टनच्या एका कामासाठी मला काही आठवडे तिकडे राहावं लागलं. हिवाळा होता, ऑकलंडला पाऊस थांबत नव्हता. परत आले ती सरळ साइटवर गेले.

रिमूला पार बांधलेला होता.

कुंपण नीट दुमडून बाजूला ठेवलं होतं. रस्त्याच्या कामात निघालेले दगड एकावर एक रचून गोल गडगा घातला होता. चुना नाही, सिमेंट नाही, तरी एक दगड हलत नव्हता. आत खांबांच्या खड्ड्यांतून निघालेली पिवळी चिकणमाती भरून, चोपून, वर सपाट केली होती, गुडघाभर उंच. पूर्वेच्या अंगाला एक कोनाडा ठेवला होता आणि त्यात पणती. कोकणात अशा पारावर मी कितीदा बसले असेन. क्षणभर मला बरं वाटलं, आणि मग ती माती कशावर पडलीय ते लक्षात आलं.

टोनी हात पुसत आला. "अंकलने केलं. मशीन आत नेलं नाही हां, सगळी माती त्यांनी व्हीलबॅरोने नेली. नाहीतरी ती टाकायला न्यावीच लागणार होती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दिसतंय तर स्वीट ॲज, एकदम झकास. नाही का?"

मी जूडीला फोन केला. ती दुपारी आली, गुडघ्यावर बसली, बुंध्याजवळची माती हाताने उकरली आणि साल दाबून पाहिली. साल नरम पडायला लागली होती. ती म्हणाली, "सगळं काढायचं. मूळ जमिनीपर्यंत, हाताने, एकही मूळ न खरवडता. आणि लगेच. या पावसात एकेक आठवडा महत्त्वाचा आहे." मी विचारलं, जगेल का? तिने खांदे उडवले. जूडी कधी शब्द देत नसे. ती माझ्यापेक्षा शहाणी होती.

संध्याकाळी निनाद हॉस्पिटलमधून थेट आला. त्याला सगळं सांगितलं.

"ताई, एक ऐकाल? बाबांचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. ते गेले की मी स्वतः उभा राहून हे काढून घेतो. त्यांना कळायची गरजच नाही."

"झाड तोवर थांबणार नाही."

"आई गेल्यापासून ते जेवायला बोलावल्याशिवाय उठत नव्हते. हे करायला लागल्यापासून सकाळी माझ्याआधी तयार होतात. मुग्धाला सातवा महिना आहे, तिला म्हणाले, बाळाला इथे बसवीन. आता मी त्यांना काय सांगू? की तुम्ही झाड मारताय?"

"तू नको सांगूस. मी सांगते."

"तुम्हाला झाड महत्त्वाचं आहे, ताई. मला वडील आहेत." हे तो चिडून नाही, दमून बोलला. त्याचं चुकत नव्हतं. पण एखाद्या माणसाने जीव लावून बांधलेलं त्याच्या पाठीमागे पाडायचं आणि फोनवर 'सगळं छान आहे' म्हणायचं, हे मला झाड मरण्याइतकंच वाईट वाटत होतं. मी निनादला म्हटलं, उद्या सकाळी मी येते, तू ये किंवा येऊ नकोस.

सकाळी नाना पारावरच होते. पाऊस थोडा थांबला होता. त्यांनी खिशातला रुमाल काढून दगड पुसला.

"बसा की बाई. तुमच्याच साइटवर तुम्हाला बसायला जागा नव्हती. आता आहे."

मी बसले. जे पाडायचं त्याच्यावरच बसून ते सांगायचं होतं. मी फिरवून बोलले नाही. म्हटलं, नाना, पार फार सुरेख झालाय, पण याच्याखाली रिमूची मुळं गुदमरतायत. हा काढावा लागेल, आणि आत्ताच.

ते हसले. "झाडाला माती घातली तर झाड मरतं? कुठल्या पुस्तकात आहे? आमच्या पिंपळाला माझ्या आजोबांनी पार बांधला. आजोबा गेले, वडील गेले, पिंपळ आहे."

"तुमच्या आजोबांनी बांधला तेव्हा पिंपळ केवढा होता?"

"रोप असेल."

"म्हणजे तो त्या पारात वाढला. त्याने आपली मुळं आपल्या सोयीने वर आणली. शिवाय तिकडे जांभा, पाणी झिरपून जातं. हा रिमू म्हातारा आहे. त्याने सगळा संसार वरच्या मातीत मांडलाय, आणि आपण त्याच्यावर ओली चिकणमाती घातली. त्याला आता बिऱ्हाड हलवता येत नाही."

नाना एकदम आवाज चढवून म्हणाले, "तुमच्या नकाशात गाड्यांना जागा आहे. कचऱ्याच्या डब्यांना आहे. माणसाने झाडाजवळ बसावं कुठे, ते दाखवा मला. कुंपण घालून ठेवलंय, तुरुंगात ठेवल्यासारखं. असलं झाड जगवून करायचं काय?"

मी एवढंच म्हटलं, "जागेचं मी बघेन. पण आधी हात घाला आत. माझं ऐकू नका."

ते उठले. बाह्या वर केल्या आणि बुंध्यालगत जूडीने उकरलेल्या जागी हात घातला, कोपरापर्यंत. मूठभर माती बाहेर काढली. तिच्यात बारीक मुळं होती, काळी पडलेली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"आंबूस," ते म्हणाले. "कलमाचा जोड मातीत गाडला गेला की असाच वास येतो." मग माती हळूच खाली ठेवली, फेकली नाही. "पोरांना मीच शिकवायचो. कलमाचा गळा उघडा ठेवा रे म्हणून."

निनाद केव्हा येऊन मागे उभा राहिला होता कोण जाणे. तो पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही घरी चला, टोनीची माणसं काढतील."

"बांधला मी, काढीन मी," नाना म्हणाले. "त्या टोनीला सांग, यंत्र आणू नको."

पार काढायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. भरताना फावडं चालतं, काढताना नाही. वरची माती नाना व्हीलबॅरोने नेत, खालची हाताने. शेवटचा थर जूडीने हवेच्या झोताने उडवला. या कामासाठी एक नळी मिळते, ती माती उडवते आणि मुळं तशीच राहतात. मुळं उघडी पडली तेव्हा नाना त्यांच्यावर वाकून कुठली जिवंत आणि कुठली गेलेली हे जूडीला दाखवत होते, "धिस गुड. धिस नो." जूडी प्रत्येक वेळी मान हलवत होती. शनिवारी मी आणि निनाद बादल्या उचलायचो. माझ्याशी नाना त्या दिवसांत कामापुरतंच बोलले. राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. मला तो बरा वाटला. गप्प बसून टीव्ही बघण्यापेक्षा माणूस रागावलेला चांगला.

बाळ जन्मायच्या आधीच त्यांना परत जावं लागलं. विमानतळावरून त्यांनी मला फोन केला. "निनाद डॉक्टर आहे. धीर देणं त्याच्या कामातच येतं. झाडाचं तुम्ही सांगा. खरं सांगा."

मी सांगत गेले. पहिल्या उन्हाळ्यात शेंडा विरळ झाला, तेही सांगितलं. पश्चिमेकडच्या फांद्या तांबूस पडल्या, मग त्यांची पालवी झडली, तेही. प्रत्येक वेळी ते "बरं" म्हणत आणि फोन ठेवून देत. सुनावणीत दिलेला शब्द मला रात्री उठवायचा, हे आज लिहायला हरकत नाही.

दुसरीकडे मी कौन्सिलच्या मागे लागले. रिमूजवळ बसायला लाकडी चौथरा हवा होता. जमिनीवर टेकणारा नाही, बारीक खांबांवर तरंगणारा, खालून हवा खेळेल असा. त्यांचं म्हणणं सरळ होतं, झाडाच्या मुळांपाशी बांधकाम नको अशी अट तुम्हीच मागून घेतली होती. मी म्हटलं, हो, मीच मागितली होती, आणि ती अर्धवट होती. ज्या झाडाजवळ माणसाला बसता येत नाही, ते झाड घरातल्यांना आपलं वाटत नाही, आणि पुढचा मालक ते पाडायचा अर्ज घेऊन तुमच्याकडेच येईल. अख्ख्या घरापेक्षा त्या चौथऱ्याला जास्त कागद लागले. जूडीने नळीने माती उडवून मुळांमधल्या मोकळ्या जागा शोधल्या, तिथेच खांब आले, आणि बुंध्याभोवती हातभर फट ठेवली. टोनीने एका शनिवारी येऊन फळ्या ठोकल्या. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या फांद्यांना नवी पोपटी पालवी फुटली. जूडीने बुंधा ठोकून पाहिला, साल दाबून पाहिली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "हा राहील." पश्चिमेची बाजू परत आली नाही. मी नानांना दोन्ही सांगितलं. ते "बरं" म्हणाले, पण त्या दिवशी फोन लगेच ठेवला नाही.

नाना पुन्हा आले तेव्हा नात, रेवा, चांगली बोलायला लागली होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. निनादने मलाही बोलावलं. नानांनी घर पाहिलं नाही, सामान दारात टाकलं आणि सरळ रिमूकडे आले. रेवा आधीच चौथऱ्यावर पाय हलवत बसली होती. नाना तिच्यासमोर उभे राहून वर बघत होते. अर्धं झाड हिरवं, अर्धं नुसत्या काटक्या. जूडीने धोक्याच्या फांद्या कापल्या होत्या, तरी ती बाजू उघडी पडलेली कुणालाही दिसत होती.

रेवानेही वर पाहिलं. "नाना, व्हाय इज दॅट साइड डेड?"

निनाद पटकन म्हणाला, "झाडाला आजार झाला होता, बेटा."

"आजार नाही," नाना म्हणाले. "मी केलं."

निनादने माझ्याकडे पाहिलं. 'तसं नव्हतंच' असं म्हणून मी सावरून घेतलं नाही. नानांनी तिला सगळं सांगितलं, शाळेत सांगत असतील तसं सावकाश. माती कशी आणली, कशी चोपली, मुळांना श्वास कसा लागतो, वास कसा आला. एकही गोष्ट गाळली नाही. रेवा तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"बट व्हाय डिड यू डू इट?"

"मला बसायला जागा हवी होती."

रेवाने त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांकडे. "बट देअर्ज हीप्स ऑफ रूम," ती म्हणाली आणि तरीही थोडी सरकली.

नाना तिच्याशेजारी बसले, वाळलेल्या बाजूकडे तोंड करून.